जॅकेट बाहेरून आजीचं, आतून प्लास्टिकचं

प्रश्न : कराडला माझं सत्तावीस वर्षांपासून टेलरिंगचं दुकान आहे. रेडिमेडमुळे पॅन्ट-शर्टाचं काम जवळपास संपलं. आता ब्लाउज आणि आल्टरवर भागतं. मुलगी बारावी कॉमर्सला आहे. तिला ‘सस्टेनेबल फॅशन’ शिकायचंय, भारतीय आणि वेस्टर्न मिसळून पर्यावरणपूरक कपडे करायचेत. आजीच्या इरकल लुगड्याचं तिनं जॅकेट शिवलंय, आतून-बाहेरून फोटो पाठवतोय. एका खासगी संस्थेची चार वर्षांची फी बारा लाख आहे. एवढं कर्ज काढून शेवटी तीही मशीनवरच बसणार असेल तर काय उपयोग? ती म्हणते, बाबा, तुम्हाला यातलं कळत नाही. खरंच कळत नाही का?

उत्तर :
सप्रेम नमस्कार,

तुम्हाला कळतं. तिला ते अजून दिसलेलं नाही, एवढंच.

आधी जॅकेटबद्दल. काठ पुढच्या पट्टीवर नेमका बसलाय, पाठीवर चौकडा जुळलाय. सतराव्या वर्षी एवढी नजर सगळ्यांना नसते. पण आतला फोटो बघा. अस्तर साटिनचं, म्हणजे पॉलिएस्टर. कॉलरमध्ये फ्युजिंग, म्हणजे ताठपणासाठी इस्त्रीने चिकटवायचं कापड, तेही बहुधा सिंथेटिक. दोरा आणि चेन तशीच. बाहेरून आजीचं सुती लुगडं, आतून सगळं प्लास्टिक. हे जॅकेट उद्या फाटलं तर त्याची ना गोधडी होईल, ना त्याच्या सुताचा पुन्हा धागा. आणखी एक. लुगडं नऊ वार, म्हणजे सव्वाआठ मीटर. जॅकेटला अस्तर सोडून दोन-सव्वादोन मीटर गेलं असेल. उरलेल्याचं काय केलं, हे तिला विचारा. ओरडू नका, नुसतं विचारा. या क्षेत्रातल्या मुलाखतीतही हेच विचारतील.

आता ‘भारतीय आणि वेस्टर्न मिसळणं’. बहुतेक मुलं याचा अर्थ जीन्सवर खणाचा ठिगळ किंवा पैठणीच्या काठाचा क्रॉप टॉप असा घेतात. खणाचंच सांगायचं तर गेल्या काही वर्षांत बाजारात आलेल्या खणाच्या ड्रेसांपैकी पुष्कळसं कापड यंत्रमागावरचं, मिश्र किंवा पूर्ण पॉलिएस्टरचं असतं. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या हातमागावर विणलेला खण हाताला वेगळाच लागतो. तिला दोन्ही शेजारी ठेवून दाखवा, एकेक धागा काढून जाळून दाखवा. सुताची राख होते, पॉलिएस्टरचा कडक मणी होतो. हा धडा दुकानातच फुकट मिळतो.

खरं मिसळणं बेतण्यात आहे, आणि तिथे तुम्ही तिचे गुरू आहात. तुमच्या वडिलांची पैरण आठवा, किंवा कळ्यांचा जुना कुर्ता. पुढे-मागे सरळ पट्टे, बाही सरळ, एका आयतातून तिरपी कात्री मारली की दोन कळ्या, काखेत चौकोनी बगल. गळ्याचा तुकडा सोडला तर जमिनीवर काहीच पडत नाही. कापड महाग होतं, म्हणून पन्ह्याला, म्हणजे कापडाच्या रुंदीला धरून कपडा ठरायचा. इंग्रजी शर्टाचं तसं नाही. गोल मुंढा, बाहीचा उंचवटा, टक्स. अंगाला सुरेख बसतो, पण दोन वळणांच्या मध्ये कतरण उरते. कारखान्यांत कापणीच्या टेबलावर साधारण दहा ते पंधरा टक्के कापड वाया जातं, असा अंदाज सांगतात. जगभरच्या डिझाइन शाळांत हल्ली ‘झिरो वेस्ट पॅटर्न कटिंग’, म्हणजे कापड वाया न घालवता बेतणं, हा मानाचा विषय आहे. आपल्याकडे शिंप्याला ते करावंच लागायचं. पैरणीचं बेतणं ठेवून शर्टाची कॉलर आणि खांद्याची बसणी कशी आणायची, या एका प्रश्नावर तिचं चार वर्षांचं शिक्षण उभं राहू शकतं.

हे स्वप्नरंजन नव्हे. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी गोव्याची विस्मृतीत चाललेली कुणबी साडी पुन्हा विणून घेतली, आणि त्यांचे स्वतःचे कट मात्र अगदी मोजके, पाश्चात्त्य वळणाचे होते. डिझायनर अनिता डोंगरे मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठात शिकल्या. डिझायनर वैशाली शडांगुळे मूळच्या मध्य प्रदेशातल्या विदिशाच्या. त्यांनी चंदेरी, खण असं हातमागाचं कापड घेऊन 2021 मध्ये पॅरिसच्या हॉट कुटूर (सर्वांत उंची, हाताने घडवलेल्या कपड्यांच्या) आठवड्यात संग्रह सादर केला. अर्थात ही शिखरावरची नावं. त्यांच्याकडे बघून कर्ज काढू नये.

कर्जाचा हिशेब असा. बारा लाख, दहा टक्के व्याज, दहा वर्षं, तर महिन्याचा हप्ता सुमारे 15,860 रुपये. शिकत असतानाचं व्याज धरलं तर आणखी जास्त. नव्या डिझायनरच्या पहिल्या पगारातून हा हप्ता, शहरातलं भाडं आणि डबा भागवणं कठीण. म्हणून त्या खासगी संस्थेबाबत माझा सल्ला सध्या नाही असाच आहे. अभ्यासक्रमाच्या नावात ‘सस्टेनेबल’ आहे म्हणून भुलू नका. मी एकदा अशाच एका संस्थेचं नाव विश्वासाने एका मुलीला सुचवलं होतं. तिथल्या कापड रंगवायच्या खोलीचं कुलूप वर्षभर उघडलं नाही. तेव्हापासून मी पालकांना सांगतो, माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि रंगाची भांडी बघायला मागा. ती डागाळलेली असतील तर पुढे बोला.

निफ्टची, म्हणजे केंद्र सरकारच्या फॅशन शिक्षणसंस्थेची प्रवेश परीक्षा मात्र तिने द्यावीच. बॅचलर ऑफ डिझाइनला कुठल्याही शाखेची बारावी चालते, त्यामुळे कॉमर्सची अडचण नाही. फक्त बी.एफ.टेक.ला, म्हणजे कपडे उत्पादनाच्या तंत्राच्या पदवीला, गणितासह ठरावीक विषय लागतात, ते सोडून द्या. परीक्षेत चित्रकला-कल्पकतेचा पेपर आणि सामान्य क्षमतेचा पेपर असतो. पुढच्या टप्प्यात सिच्युएशन टेस्ट, म्हणजे समोर दिलेल्या साहित्यातून ठरलेल्या वेळात वस्तू करून दाखवायची. कतरणीत वाढलेल्या मुलीला ही परीक्षा जड जाऊ नये. मुंबईचं निफ्ट खारघरला आहे. चार वर्षांचा खर्च तिथेही दहा लाखांच्या वर जातो, पण कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी फी-सवलत आहे. त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतली उत्पन्नाची मर्यादा बघून कागद आधीच काढून ठेवा. पसंतीक्रम भरताना तिने फॅशन डिझाइनइतकाच टेक्सटाइल डिझाइनचा विचार करावा. तिचा जीव कापडात आहे, फोटोवरून तरी तसंच दिसतं.

निफ्ट नाही मिळालं तर जुहूच्या एसएनडीटीच्या गृहविज्ञान महाविद्यालयात वस्त्रशास्त्र. त्याला ग्लॅमर कमी, पण धागा, वीण, रंग यांचा पाया पक्का होतो आणि खर्च पेलतो. दरम्यान एखादं वर्ष रिकामं गेलंच तर आयटीआयचा शिवणकामाचा एक वर्षाचा ट्रेड. हे ऐकून ती नाक मुरडेल. मुरडू द्या. पॅटर्न मास्टर, म्हणजे कपड्याचा बेत कागदावर काढणारा कारागीर, नीट मिळत नाही ही तक्रार कारखानदारांकडून मी सारखी ऐकतो.

शेवटी ती मशीनवरच बसेल, ही तुमची भीती. तिरुप्पूर, बेंगळुरू, नोएडाच्या निर्यात कंपन्यांत नमुने करणारे, ग्राहकाची ऑर्डर सांभाळणारे मर्चंडायझर, कापड कुठून आलं याची नोंद ठेवणारे लोक लागतात. हे शेवटचं काम वाढणार आहे. युरोपीय संघाने 2024 मध्ये केलेल्या कायद्यानुसार कपड्यांसाठीही ‘डिजिटल पासपोर्ट’ येऊ घातलाय, म्हणजे कापड कुठून आलं, कशाचं आहे, हे सांगावं लागेल. आपल्याकडेही ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने हरित दाव्यांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्यात. नुसतं ‘इको-फ्रेंडली’ छापून चालणार नाही, पुरावा हवा. सेंद्रिय कापडाच्या ‘गॉट्स’ या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रातही ‘ऑरगॅनिक’ लिहायला किमान 95 टक्के सेंद्रिय धागा लागतो, 70 टक्क्यांच्या खाली ते चिन्हच मिळत नाही. कॉमर्सची मुलगी असे आकडे न घाबरता वाचते, हा तिचा फायदा समजा.

हळदीत रंगवलेली ओढणी दोन धुण्यांत पांढरी पडली, असं तिने चिठ्ठीत वेगळं लिहिलंय. तिला सांगा, हळदीचा रंग उन्हालाही टिकत नाही, कितीही तुरटी घातली तरी. सुती कापड आधी हिरड्याच्या पाण्यात, मग तुरटीत, आणि मग डाळिंबाच्या सालीत. हा पिवळा टिकतो. मोरचूद वापरू नये. रंग छान गडद होतो, पण ते पाणी मोरीतून कुठे जातं याचा विचार करावा.

आता दोघांसाठी एक काम. बारावीची परीक्षा झाली की तिला दुकानात बसवा, पण फॉल-बिडिंगला नको. अडीच मीटर मांजरपाट द्या आणि पैरणीच्या बेतावर कॉलरचा शर्ट काढायला सांगा. शिवणीसाठी माया किती सोडायची तेवढं तुम्ही सांगा, बाकी बोलू नका. अस्तर, चेन, फ्युजिंग काहीही नको. बटणं जुन्या शर्टाची. कापून झालं की खालची सगळी कतरण गोळा करून शेजारच्या किराणा दुकानाच्या काट्यावर तोला आणि तारखेसह भिंतीवर लिहा. असे सहा शर्ट. पहिला आणि सहावा आकडा मला कळवा, आणि सहाव्या शर्टाचा आतल्या बाजूचा फोटो.