मान हलवून वाजणारं वाद्य बनवतोयस ना, मग हे वाच

भावा, सेन्सर घ्यायला लगेच बाजारात पळू नकोस, आधी फारसं हलता न येणाऱ्या ज्या पोरीसाठी बनवतोयस तिच्याजवळ तासभर बस आणि बघ, न दमता काय हलतंय, बोट, भुवई का हनुवटी. ऑमी (AUMI) हे सॉफ्टवेअर फुकट आहे, अमेरिकन संगीतकार पॉलिन ऑलिव्हेरोस यांनी २००७ मध्ये सुरू केलेलं, कॅमेऱ्यासमोर नुसतं हललं तरी आवाज येतो, ते आधी वापर की. मग एमपीयू-६०५० लाव, म्हणजे मान किती झुकली-वळली ते मोजणारा छोटा सेन्सर, पण कॅलिब्रेशन, म्हणजे तिच्या हालचालीशी त्याचं माप जुळवणं, रोज कर, सकाळी मान जेवढी वळते तेवढी संध्याकाळी वळत नाही. सूर भूप रागाचे पाचच ठेव, सा रे ग प ध, कुठंही गेलं तरी गोड लागतं. थरथर घालवायला फिल्टर लागतोच, पण जास्त लावलास की आवाज मागं पडतो आणि हलगीच्या ठेक्यावर तिला वाजवताच येत नाही, हा उशीर २० मिलिसेकंदांच्या आत बसव. आणि थांबायची खूण तिचीच ठेव, मान खाली घातली की बंद, दुसऱ्यानं येऊन बंद करायचं नाही.