लीड्समध्ये राहून एका शनिवार-रविवारात वाफेच्या गाड्या कुठे बघाव्यात आणि त्यांचे फोटो कसे काढावेत?

तुम्ही लिहिलंय की वर्षभरासाठी लीड्सला शिकायला आला आहात, जवळ गाडी नाही, 18-55 ची लेन्स असलेला साधा कॅमेरा आहे आणि ऑक्टोबरात एकच शनिवार-रविवार मोकळा मिळतोय. यॉर्कचं रेल्वे संग्रहालय, दोन-तीन जुन्या रेल्वे आणि व्हिटबीचा समुद्र, एवढं सगळं त्यात बसेल का, असा तुमचा प्रश्न आहे.

बसेल, पण बसवू नका. दोन दिवस, दोन रेल्वे, बस्स. यॉर्कचं संग्रहालय वर्षभर बघता येतं, प्रवेश फुकट आहे, आणि 1938 मध्ये ताशी 126 मैलांचा विक्रम करणारं मॅलार्ड हे वाफेचं इंजिन तिथून कुठे जाणार नाही. त्यासाठी एखादा पावसाळी दिवस ठेवा. तुमचे हे दोन दिवस चालत्या इंजिनांना द्या. त्यातही चढ चढणाऱ्या इंजिनांना.

हे मी का सांगतोय ते आधी सांगतो. माझे आजोबा बार्शी लाइट रेल्वेवर फायरमन होते, म्हणजे इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारे. कुर्डुवाडी, बार्शी, पंढरपूर या टापूतल्या जुन्या माणसांना ही अडीच फुटी गेजची गाडी आठवत असेल. आजोबा म्हणायचे, सपाटीवर इंजिन नुसतं चालतं, चढाला लागलं की बोलायला लागतं. इंग्लंडमध्ये आल्यावर पहिली दोन वर्षं मी स्टेशनात उभ्या असलेल्या इंजिनांचे शेकडो फोटो काढले. चकचकीत रंग, पितळी पाट्या, सगळं स्वच्छ, तरी एकही फोटो परत बघावासा वाटेना. मग एका थंड सकाळी योगायोगाने चढावर उभा होतो आणि आजोबांचं म्हणणं कळलं.

कारण साधं आहे. सिलिंडरमध्ये काम करून झालेली वाफ धुराड्यातून वर फेकली जाते आणि जाताना भट्टीतली हवा ओढून घेते. म्हणजे इंजिन जितकं जोर लावेल तितकी आग भडकते आणि तितकी वाफ बाहेर पडते. दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात चार फुसकारे येतात, ते चढावर एकेक मोजता येतात. उतारावर ड्रायव्हर वाफ बंद करतो आणि गाडी आपल्या वजनाने खाली घरंगळते. तेव्हा फोटोत येतं ते फक्त एक काळं यंत्र. शिवाय वाफ स्वतः अदृश्यच असते. आपल्याला दिसतो तो थंड हवेत तिचा झालेला पांढरा ढग. म्हणून ऑक्टोबर उत्तम. मी एकदा भर जुलैत लांबचा प्रवास करून एका रेल्वेवर गेलो होतो. उन्हाळ्याने माळरान इतकं वाळलं होतं की ठिणगीने आग लागेल म्हणून त्या दिवशी वाफेचं इंजिन काढलंच नव्हतं, डिझेल आलं. तेव्हापासून निघायच्या आदल्या रात्री वेळापत्रकात कोणत्या गाडीला कोणतं इंजिन आहे ते बघितल्याशिवाय मी निघत नाही. तुम्हीही बघा, कारण बहुतेक जुन्या रेल्वे अधूनमधून डिझेलही चालवतात.

शनिवारी नॉर्थ यॉर्कशायर मूर्स रेल्वे करा. लीड्सहून कोस्टलायनरची 840 नंबरची बस यॉर्क आणि माल्टनमार्गे पिकरिंगला जाते. वेळ बराच लागतो, म्हणून सकाळची पहिली सोयीची बस पकडा आणि परतीची शेवटची बस कधी आहे ते आधीच लिहून ठेवा. पिकरिंग ते ग्रॉसमॉन्ट हा मार्ग 18 मैलांचा आहे. 1836 मध्ये रेल्वेच्या सुरुवातीच्या काळातला नामवंत इंजिनिअर जॉर्ज स्टीफनसन याच्या देखरेखीखाली तो बांधला गेला तेव्हा डबे घोडे ओढायचे, आणि गोथलंडच्या खालचा तीव्र चढ दोराने ओढून पार केला जायचा. 1865 मध्ये त्या चढाला वळसा घालून नवा रूळमार्ग काढला, आज गाड्या चालतात तो हा. सरकारी रेल्वेने 1965 मध्ये मार्ग बंद केला, 1973 मध्ये हौशी लोकांनी तो पुन्हा सुरू केला.

पिकरिंगहून गाडीने गोथलंडपर्यंत जा आणि तिथे उतरा. लोकांचा मोह असतो शेवटपर्यंत बसून राहायचा, पण गाडीच्या आत बसून गाडी दिसत नाही. ग्रॉसमॉन्टहून गोथलंडला येणारी गाडी 49 ला 1 असा चढ चढत येते, म्हणजे 49 फूट पुढे गेली की एक फूट वर. आपल्या बोरघाटात हाच आकडा 37 ला 1 आहे, तेव्हा घाटाच्या मानाने हा चढ सौम्य वाटेल. पण इथे एकच जुनं इंजिन, ओल्या रुळांवर, सगळी गाडी एकट्याने ओढत असतं. गोथलंड स्टेशनपासून थोडं चालून गेलं की डार्नहोमची टेकडी लागते. तिच्या उतारावरच्या पायवाटेवरून रूळ खाली दिसतात. तिथे जागा धरा आणि थांबा.

थांबणं हाच यातला मोठा भाग आहे. आधी काही नसतं, मेंढ्या आणि वारा. मग खालच्या दरीतून, झाडांच्या आडून, आवाज येतो. गाडी दिसायच्या बऱ्याच आधी तो येतो, वळणावर दबतो, पुन्हा मोठा होतो. झाडांच्या शेंड्यांवर पांढरा पट्टा सरकताना दिसतो. मी तिथे पहिल्यांदा उभा होतो तेव्हा शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांच्याकडे कॅमेरा नव्हता. गाडी जाईपर्यंत ते डोळे मिटून उभे राहिले. ते पाहून मला अंगणातल्या बाजेवर पडून रात्रीच्या गाडीचा आवाज ऐकणारे, आणि आज इंजिनावर कोण आहे ते नुसत्या आवाजावरून सांगणारे माझे आजोबा आठवले. तुम्हीसुद्धा दिवसातली एक गाडी कॅमेरा पिशवीत ठेवून बघा, मी मनापासून सांगतोय.

दोन गाड्या मिळाल्या की 1836 च्या जुन्या मार्गाची पायवाट धरून बेक होलमार्गे ग्रॉसमॉन्टला उतरा. साडेपाच किलोमीटरच्या आसपास आहे, बूट चांगले हवेत, चिखल असतो. ग्रॉसमॉन्टला स्टेशनच्या बाजूलाच एक बुटका, किल्ल्याच्या दरवाजासारखा बोगदा आहे. घोड्यांच्या काळातला स्टीफनसनचा बोगदा तो हाच. आता त्यातून माणसं चालत जातात आणि पलीकडे इंजिनांची शेड लागते. तिथे राख काढणारे, तेल घालणारे, फडक्याने दांडे पुसणारे लोक भेटतील. बहुतेक स्वयंसेवक. विचारून त्यांचे फोटो काढा, ते नाही म्हणत नाहीत. काजळीने भरलेल्या हातांचा एक फोटो इंजिनाच्या दहा फोटोंपेक्षा जास्त सांगतो असं माझं मत आहे. तिथून गाडीने पिकरिंगला परत. व्हिटबीचा मोह टाळा, नाहीतर बस चुकेल.

रविवारी आराम आहे. लीड्सहून कीथलीला साध्या गाडीने अर्धा तासही लागत नाही आणि त्याच स्टेशनाच्या 3 आणि 4 नंबरच्या फलाटांवर कीथली अँड वर्थ व्हॅली रेल्वे उभी असते. फक्त 5 मैल, ऑक्सनहोपपर्यंत. पण हा मार्ग कीथलीपासून चढतच जातो, त्यामुळे जाताना इंजिन मेहनत करतं आणि येताना घरंगळतं. फोटो जातानाच्या गाडीचे काढा, येतानाच्या गाडीत बसून फिरा. कीथलीच्या फलाटाच्या टोकालाच वळण आणि चढ एकत्र सुरू होतात, सकाळची पहिली गाडी निघताना तिथे उभे राहा. मग ओकवर्थला उतरा. तिथे अजून गॅसचे दिवे आहेत, संध्याकाळी ते लागले की त्या प्रकाशात फलाटाचा फोटो काढायला पुन्हा या. डॅमेम्सचा फलाट जेमतेम एका डब्याएवढा आहे. हॉवर्थला इंजिनांची शेड आहे आणि स्टेशनजवळच्या पादचारी पुलावरून ती दिसते.

या रेल्वेची गोष्ट मला फार प्रिय आहे. 1962 च्या सुरुवातीला सरकारी रेल्वेने प्रवासी गाड्या बंद केल्या. गावकऱ्यांनी आणि रेल्वेवेड्यांनी संस्था काढली, पैसे जमवले, आणि 29 जून 1968 ला स्वतःची गाडी सोडली. त्यानंतर सहा आठवड्यांनी, 11 ऑगस्टला, सरकारी रेल्वेने देशाच्या मुख्य मार्गांवरची वाफेची शेवटची प्रवासी गाडी चालवली. म्हणजे तिकडे दिवा विझायच्या आधी इकडे पणती लागली होती. त्या पहिल्या गाडीला जोडलेलं 41241 हे इंजिन आजही याच रेल्वेचं आहे.

आता कॅमेऱ्याचं. तुमचा कॅमेरा पुरेसा आहे. या रेल्वेंवर वेगाची मर्यादा ताशी 25 मैल असते, म्हणून 1/500 सेकंदाच्या शटरला येणारी गाडी स्पष्ट मिळते. 1/30 ठेवून गाडीबरोबर कॅमेरा फिरवलात तर मागची झाडं ओढल्यासारखी येतात आणि चाकं फिरताना दिसतात. दहांतला एक फोटो साधतो, तो पुरे. खरी अडचण वेगळी आहे. काळं इंजिन बघून कॅमेरा फोटो उजळ करतो आणि पांढरी वाफ जळून जाते, म्हणजे तिचा नुसता कोरा पांढरा डाग उरतो. एक्सपोजर, म्हणजे फोटोतला उजेड, थोडा कमी ठेवा आणि फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढा. काळ्यातला तपशील नंतर वर आणता येतो, जळालेली वाफ परत येत नाही. ऑक्टोबरात इथे सूर्य दुपारीही खालीच असतो. त्याची तिरकी किरणं चाकांवर आणि दांड्यांवर पडतील अशी बाजू निवडा. आणि वाऱ्याकडे लक्ष द्या. वारा तुमच्याकडे येत असेल तर सगळा धूर गाडीवर आणि तुमच्यावर येईल.

कुंपण ओलांडू नका, रुळांवर उतरू नका, फ्लॅश ड्रायव्हरच्या तोंडावर मारू नका. पायवाटा, पूल आणि फलाट यांवरून हवे ते सगळे फोटो मिळतात.

तुम्ही राहता त्या लीड्सबद्दल एक गोष्ट राहिली. हरियाणातल्या रेवाडीच्या शेडमध्ये जपलेली आपली फेअरी क्वीन, वाफेचं जुनं इंजिन, 1855 मध्ये लीड्सलाच बनली, किटसनच्या कारखान्यात. पुढे त्याच कारखान्याने बार्शी लाइटची पहिली इंजिनं बनवली. डब्यांचे पोलादी सांगाडे लीड्स फोर्ज कंपनीचे होते, आणि बोटीत चढवायच्या आधी या गाडीच्या चाचण्या लीड्सजवळ न्यूले इथे झाल्या. रविवारी संध्याकाळी कीथलीहून परत येताना लीड्स जवळ आलं की तुमची गाडी एअर नदीच्या काठाने त्याच न्यूलेतून जाईल. स्टेशन आता नाही, गाडी थांबत नाही. मी दर वेळी तेवढा वेळ मोबाइल खाली ठेवून खिडकीबाहेर बघतो.