कोणती गोदामं उघडायची हे गुरोबी या सर्वोत्तम उत्तर शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला विचारलं, तर त्याच्या उत्तरात बंद गोदामातूनही ६० टन माल का निघतो?

दोष बहुधा तुमच्या 'बिग-एम'चा, म्हणजे अटीत घातलेल्या फार मोठ्या आकड्याचा आहे. 'माल ≤ एम × वाय' या अटीत (वाय १ म्हणजे गोदाम उघडं, ० म्हणजे बंद) एम १,००,००,००० ठेवलाय, आणि पूर्णांकापासून ०.००००१ इतका फरक असला तरी गुरोबी तो पूर्णांकच धरतो (या मुभेचं सेटिंग म्हणजे इंटफीझटॉल). म्हणजे वाय ०.०००००६ असला तरी त्याच्या लेखी गोदाम बंदच, पण ६० टनांना वाट मोकळी!

एम म्हणजे गोदामाची खरी क्षमता ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे प्रत्येक ग्राहकासाठी वेगळी अट: 'त्या ग्राहकाला जाणारा माल ≤ त्याची मागणी × वाय'. अटींची संख्या वाढते, तरी घाबरू नका. पूर्णांकाची अट काढल्यावर मिळणारी सीमा (खर्च याहून कमी होऊच शकत नाही असा आकडा) खऱ्या उत्तराच्या जवळ येते आणि शोध बहुतेक वेळा झपाट्याने आटोपतो. वेग हवा असेल तर मी आधी हेच करायला सांगेन, जास्त कोअरचं मशीन नंतर.

नुसता इंटफीझटॉल कमी करणं ही मलमपट्टी आहे. इंटेग्रॅलिटीफोकस हे दुसरं सेटिंग १ केल्याने गळती कमी होते, पण सीमा ढिलीच राहते.

लॉगच्या सुरुवातीला 'मॅट्रिक्स रेंज' (अटींतला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा गुणक) पाहा. दोन टोकांत सात-आठ शून्यांचा फरक असेल, तर एककंही तपासा: एकीकडे किलो, दुसरीकडे टन असं बऱ्याचदा निघतं. हायस हे असंच दुसरं सॉफ्टवेअर वापरलंत तरी हाच घोळ होईल.