गावची जुनी वेस रस्त्यासाठी पाडायचं चाललंय. लोक उदासीन आहेत. गाव एकत्र कसं आणू आणि अर्ज कुठे करू?

अर्जाचं शेवटी सांगतो. 'लोक उदासीन आहेत' हे मात्र मला पटलं नाही. तुम्ही आजवर कोणाकोणाच्या दारात गेलात, ते आधी आठवा.

आमचं गाव किल्लारीपासून तीसेक किलोमीटरवर. २०११ साली आमच्यावर हीच वेळ आली होती. आमची वेस म्हणजे खाली काळ्या दगडाचे घडीव चिरे, वर विटा आणि चुना, दोन्ही बाजूंना देवड्या, म्हणजे पहारेकऱ्यांच्या बसायच्या कोनाड्यासारख्या जागा, उजव्या देवडीला लागून मारुती. रुंदी एक बैलगाडी जाईल एवढीच. पाडा म्हणणाऱ्यांना मी आजही नावं ठेवणार नाही. दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर कमानीत अडकला की अख्खं गाव खोळंबायचं. दुसरं कारण १९९३चं. ३० सप्टेंबरच्या त्या भूकंपाच्या पहाटेनंतर आमच्या पट्ट्यात दगडी बांधकामाकडे बघायची नजरच बदलली. "दगड डोक्यात पडंल" म्हटलं की पुढे कोणाचं काही चालत नाही. खरं तर माणसं गाडली गेली ती माळवदाच्या, म्हणजे सपाट धाब्याच्या छपराच्या, मातीच्या ओझ्याखाली आणि मातीत रचलेल्या भिंतींखाली. त्या भिंतींचा बाहेरचा थर आणि आतला थर यांना बांधून धरणारा आडवा दगडच बहुतेक ठिकाणी नव्हता. चुन्यात बांधलेली कमान ही वेगळी गोष्ट आहे. हे मी पारावर बसून घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. माझी चूक झाली. ज्याने स्वतःच्या बहिणीला ढिगाऱ्यातून बाहेर काढलं, त्याला भिंतीचं शास्त्र ऐकवू नये.

माझा थोरला चुलतभाऊ, आम्ही त्याला आण्णा म्हणतो. वेस वाचावी असं आम्हा दोघांनाही वाटत होतं. त्याचं म्हणणं, आधी कागद. वर निवेदनं द्यायची, पेपरात बातमी आणायची, ओळखी लावायच्या. त्याने पत्रक छापलं, त्यात मलिक अंबर, निजामशाही, आदिलशाही, सगळं आलं. आमच्या वेशीवर एक अक्षर कोरलेलं नाही, तरी पत्रकात साडेतीनशे वर्षं ठोकून दिली होती. सह्या पन्नासेक झाल्या, त्यातल्या बऱ्याचशा आमच्याच भावकीच्या. ग्रामसभा बोलावली तर ती गणपूर्तीअभावी तहकूब झाली. मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातलं जे कमी असेल तेवढी लागतात. तेवढीही आली नाहीत.

मग मी वेशीबाहेरच्या वस्तीत गेलो. खरं सांगतो, डोकी मोजायला गेलो होतो. तिथले एक म्हातारे, मी त्यांना मामा म्हणतो, त्यांनी पत्रक घडी करून खिशात ठेवलं आणि "चल" म्हणून मला वेशीकडे घेऊन आले. कमानीच्या आतल्या अंगाला भिंतीत अडसराचं चौकोनी भोक आहे. लहानपणी आम्ही त्यात खांद्यापर्यंत हात घालायचो. दगड आतून गार लागतो, कडा अडसराच्या घासण्याने गुळगुळीत झाल्यात. मामांनी त्यात हात घातला आणि म्हणाले, "अडसर आतून लागायचा. आमी कोन्या बाजूला होतो?"

मला उत्तर देता आलं नाही. चाळीस वर्षं त्या भोकात हात घालत आलो, पण हा प्रश्न कधी डोक्यात आला नव्हता.

"पाडा म्हणत न्हाई मी," ते पुढे म्हणाले. "पर पावसाळ्यात बाळंतीण बाजंवर उचलून न्यावी लागती आमाला. वेशीसाठी भांडायलाव, आमच्या रस्त्यासाठी कोण भांडलं?"

वेस वाचली ती या प्रश्नामुळे. वस्तीच्या कडेने गावठाणाची पडीक पट्टी होती. रस्ता वेशीतून न काढता तिकडून वळवला तर ट्रॉल्याही निघतात आणि वस्तीलाही डांबर मिळतं. वस्तीतल्या पोरांनी दुसऱ्याच दिवशी दोरी धरून रुंदी मोजली. तहकूब सभा पुन्हा भरली. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, तरी मारुतीपुढे बसायला जागा उरली नाही. त्याआधीच्या महिला सभेत बायकांनी रस्त्याचा विषय असा लावून धरला की पुढे सरपंचांना मागे सरकायला वावच नव्हता.

एक अट मात्र आली. आमच्याकडे पोळ्याला वेशीत तोरण बांधतात. मानाचा बैल ते तोडून आधी जातो, मग बाकीचे. तो मान आमच्या भावकीचा. वस्तीतले बैल सगळ्यात शेवटी. मामा सभेत उभे राहून म्हणाले, वेस समद्यांची म्हणता, तर मान चिठ्ठीवर ठरवा. मी भावकीला न विचारता हो म्हणालो. आण्णा उठून गेला. तो आजही माझ्याशी कामापुरतंच बोलतो.

तिसऱ्या वर्षी वस्तीतल्या एका विधवा बाईंची चिठ्ठी निघाली. त्यांचा एकच बैल, सावडीत, म्हणजे दुसऱ्याच्या बैलाशी जोडी करून चालणारा. शिंगांना हिंगूळ लावलेला, झूल उसनी आणलेली. पोरगा कासरा धरून पुढे, आणि बैल कमानीखाली येऊन थबकला. आंब्याची पानं त्याच्या शिंगात अडकली होती. गर्दीत कोणी ओरडलं नाही, कोणी ढकललं नाही. पोराने पाठीवर थाप दिली, तोरण तुटलं, बैल आत गेला. आण्णा देवडीत उभा राहून बघत होता. तो आला होता, हे मी विसरणार नाही.

आण्णा सगळ्यांना सांगतो की वेस त्याच्या कागदांनी वाचली. त्याच्या निवेदनाला उत्तर आलं तेव्हा नव्या रस्त्यावर खडी पडून गेली होती. मान गेला म्हणून त्याला दुखतं, ते मी समजू शकतो. पण मान धरून बसलो असतो तर आज तोरण बांधायला वेसच नसती.

आता अर्जाचं. आधी वेस कोणाच्या नावावर आहे ते बघा. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाची मोजणी झाली असेल तर त्या नकाशात वेस दाखवली आहे का, हे तपासा. मग ग्रामसभेचा ठराव, त्याला मोजमापं आणि तारखेसह फोटो जोडा. राज्य संरक्षित स्मारक करायचं तर १९६०च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे प्रस्ताव जातो. प्राथमिक अधिसूचना, हरकती, मग अंतिम, असा तो लांबचा रस्ता आहे. केंद्राच्या यादीची भाषा गावात काढूच नका. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम बंद असतं आणि पुढच्या २०० मीटरला परवानगी लागते. हे कळलं की वेशीजवळच्या घरांची माणसं तुमच्या विरोधात जातील, आणि त्यांचंही चूक नाही.

हेही सांगायला हवं की आमच्याकडे पडीक पट्टी होती. तुमच्याकडे वळणाला जागाच नसेल तर माझा अनुभव कितपत कामाला येईल, शंका आहे.

आणि वेस वाचली तर दुरुस्तीच्या पहिल्या दिवशी तिथे हजर राहा. आमच्या डाव्या देवडीचे सांधे ठेकेदाराने सिमेंटने भरले, मी तेव्हा पुण्याला होतो. आतली ओल बाहेर पडायची वाट बंद झाली आणि वरच्या विटांचे पापुद्रे सुटायला लागले. आता ते सिमेंट छिन्नीने काढतोय, बोटभर काढायला सकाळ जाते. उजवी देवडी चुन्यात केली. चुना भिजवून मुरवायला वेळ लागतो, घाईचं ते काम नाही. चुन्याचं काम येणारे एक गवंडी आम्हाला मोठ्या शोधाने मिळाले. तुमचं काम तिथवर पोचलं तर इथेच खाली लिहा, मी त्यांना विचारतो.