माणूस पाहून बोलणं बदलावं, पण कुठवर?

आपल्या ख्रिस्ती विश्वासाबद्दल इतरांशी कसं बोलावं, याबद्दलचा तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एक मित्र हिंदू, एक मुस्लिम, ऑफिसातला सहकारी देवच न मानणारा आणि एक नातेवाईक मंडळीत (चर्चमध्ये) वाढून दुरावलेला. प्रत्येकाशी वेगळं बोललं तर ढोंग वाटतं आणि सगळ्यांना एकच ठरलेलं ऐकवलं तर कुणी ऐकत नाही. मग किती बदलायचं?

बदलायला हरकत नाही. मात्र त्या बदलाची किंमत कोण मोजतंय, हे प्रत्येक वेळी तपासायचं. बायबलमधल्या १ करिंथ ९ मधलं (करिंथच्या मंडळीला लिहिलेलं पहिलं पत्र, अध्याय ९) प्रेषित पौलाचं ‘सर्वांना सर्व काही झालो’ हे वाक्य आपण सोयीपुरतं उचलतो. तो विचार सुरू होतो १९व्या वचनात, आणि तिथे तो म्हणतो की मी सर्वांचा दास झालो. दास स्वतःची सोय बघत नाही. पुढे ‘दुर्बळांना दुर्बळ’ आहे, पण त्याच्या जोडीला ‘सबळांना सबळ’ कुठेच नाही. बड्या लोकांत बसता यावं म्हणून केलेला बदल या उताऱ्यात बसत नाही.

पौलाचे सोबती तीमथ्य आणि तीत यांची उदाहरणं शेजारी ठेवून वाचा. यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांना सुंता आवश्यक नाही हा मंडळीच्या पुढाऱ्यांचा यरुशलेमेतला निर्णय (प्रेषितांची कृत्ये १५) नुकताच झाला होता. तोच निर्णय गावोगाव कळवायला निघालेला पौल तीमथ्याची सुंता करवतो (१६:३). आई यहूदी, बाप ग्रीक, आणि तिथल्या यहूद्यांना ते ठाऊक होतं. त्याची सुंता झालेली नसती तर ऐकणारे यहूदी आधीच अडखळले असते. तीताच्या बाबतीत मात्र पौल साफ नकार देतो (गलती २:३-५), कारण तिथे सुंतेची सक्ती होत होती, म्हणजे ती तारणाची (पापातून सुटकेची) अट बनत होती. विधी तोच, पण एकदा केला आणि एकदा नाकारला. तीमथ्याने त्रास स्वतः सोसला. उलट अंत्युखियात येशूचा शिष्य पेत्र विदेश्यांच्या (यहूदी नसलेल्यांच्या) पंगतीतून उठला तो लोकांच्या भीतीने, स्वतःला वाचवायला, आणि पौलाने त्याला सर्वांसमोर सुनावलं (गलती २:११-१४). ‘पद्धत बदलली’ असं पेत्रही म्हणू शकला असता.

न बदलणारा भाग १ करिंथ १५:३-४ मध्ये आहे: ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला. त्याच्याकडे जायची वाट बदलते. पिसिदियातल्या अंत्युखियाच्या सभास्थानात, म्हणजे यहूद्यांच्या प्रार्थनागृहात, पौल स्तोत्रं आणि यशया यांच्या आधारे बोलतो. लुस्त्र गावातल्या लोकांना शास्त्र ठाऊक नाही, म्हणून आकाश-पृथ्वी घडवणारा देव, पाऊस आणि पिकांचे ऋतू यांवरून बोलतो. अथेन्समध्ये ‘अज्ञात देवाला’ असं लिहिलेली वेदी आणि त्यांच्याच कवींची ओळ घेतो. पण तिथेही पश्चात्ताप आणि पुनरुत्थान (मेलेल्यांतून उठणं) गाळत नाही, आणि नेमकं तिथेच लोक हसतात. अथेन्सचं भाषण फसलं असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. तिथल्या दियनुस्य आणि दामारी यांनी विश्वास ठेवल्याची नोंद त्याच अध्यायात (प्रेषितांची कृत्ये १७) आहे.

प्रत्यक्ष बोलताना सगळ्यात जास्त गोंधळ शब्दांनी होतो. ‘नव्याने जन्म’ म्हटलं की हिंदू मित्राच्या डोक्यात पुनर्जन्म येतो आणि तुम्ही दोघं अर्धा तास दोन वेगळ्या विषयांवर बोलता. तिथे आधी ‘याच आयुष्यात, देवाकडून नवी सुरुवात’ असं सांगा, मग ज्यात येशू नव्या जन्माबद्दल बोलतो तो योहान ३ उघडा. ‘मोक्ष’ हा शब्द वापरलात तर सुटका कशापासून हे लगेच सांगा, नाहीतर तो जन्ममरणाचा फेरा समजेल. मुस्लिम मित्राला येशूबद्दलचं ‘देवाचा पुत्र’ शारीरिक अर्थाने ऐकू येतं. तसा अर्थ आम्हीही मानत नाही, हे पहिल्याच वाक्यात सांगा. शब्द गाळू नका, उलगडा. गाळलात तर पुढे त्याला तो सापडणारच, आणि तेव्हा तुम्ही लपवलं असं त्याला वाटेल.

तयारी साधी आहे. आपली साक्ष, म्हणजे आपण विश्वासात कसे आलो ते, तीन मिनिटांत सांगता येईल इतकी लिहून काढा. मग तारण, कृपा, अभिषेक, आत्म्याने भरणं अशा प्रत्येक शब्दाखाली रेघ मारून तो रोजच्या बोलीत सांगता येतो का बघा. ज्याचा अर्थ सोपा करून सांगता येत नाही, तो बहुधा आपल्यालाच नीट कळलेला नसतो. भेटीत पहिला प्रश्न त्यांना विचारा, ‘देव म्हटलं की तुमच्या मनात काय येतं?’ आणि उत्तर मधे न तोडता ऐका. जेवणाच्या बाबतीत १ करिंथ १० चा नियम पुरेसा आहे: वाढलं ते चौकशी न करता खा. नैवेद्याचं आहे असं कुणी मुद्दाम सांगितलं, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी थांबा.

देव न मानणाऱ्या सहकाऱ्याला वचनांचा मारा करू नका, कारण त्या पुस्तकाचा अधिकारच त्याला मान्य नाही. पुनरुत्थान घडलं असं आपण का मानतो, तिथून बोला. उत्तर येत नसेल तर ‘ठाऊक नाही, वाचून सांगतो’ म्हणा आणि खरंच सांगा. दुःखात असलेल्या कुणालाही पहिल्या दिवशी ‘देवाची इच्छा’ ऐकवू नका. बायबलमधल्या दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर ठीक होतं.

आता जिथे हमखास घसरतं ते. वाढदिवस म्हणून बोलावून प्रार्थनासभेत बसवणं, बरं होण्याची किंवा नोकरीची हमी देणं, समोरच्याच्या श्रद्धेची टिंगल, त्याच्या ग्रंथातली ओळ संदर्भ तोडून आपल्या बाजूला वळवणं. २ करिंथ ४:२ मध्ये पौल कपटाची वाट नाकारतो ती याचसाठी. १ पेत्र ३:१५ मध्ये उत्तर द्यायला तयार राहा म्हटलंय, पण सौम्यतेने आणि आदराने. नको म्हटलं की विषय थांबवायचा, मैत्री नाही.

दुरावलेला नातेवाईक सगळ्यात अवघड, कारण त्याला सगळे शब्द पाठ आहेत. त्याला सुवार्ता (येशूचा संदेश) समजावू नका, काय झालं ते विचारा. मंडळीत कुणी दुखावलं असेल तर बाजू न मांडता मान्य करा. उपासनेला येण्याचा विषय तुम्ही काढू नका. तो विचारेल तेव्हा वेळ सांगा.