पैशामागे पाय गेले पाहिजेत

पुणे, रविवार संध्याकाळ

प्रिय बाळा,

सप्रेम सलाम.

गेल्या रविवारी चर्चमधली उपासना सुटल्यावर, बाहेर पाऊस कोसळत असताना, हेल्मेट हातात धरून पायरीवर तू मला जे विचारलेस त्याचे उत्तर मी तिथल्या तिथे दिले नाही, कारण मला राग आला होता आणि तो तुझ्यावर नव्हता. "काका, मिळकतीचा दहावा भाग, आपला दशांश, मी देणारच आहे, पण तो इथेच का द्यायचा?" नोकरी हिंजवडीला, बिऱ्हाड वाकडला, रविवारी पेठेत येऊन परत जाण्यात अर्धा दिवस जातो. मोबाइलवरून तू एका मोठ्या सेवाकार्याला दरमहा पैसे पाठवतोस, त्यांची पावती त्याच मिनिटाला येते, महिनाअखेर फोटो येतात. आणि इथे वार्षिक सभेत हिशेबावरून वडीलधाऱ्यांनी एकमेकांवर आवाज चढवलेले तू स्वतः पाहिलेस. दशांश का द्यावा हे मी तुला सांगत बसणार नाही, ते तू घरातूनच शिकून आला आहेस. मला एकच गोष्ट सांगायची आहे, आणि ती मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे: पैशामागे पाय गेले पाहिजेत, म्हणजे जिथे पैसा दिला तिथे आपणही पोहोचले पाहिजे.

मी अकरा वर्षे आपल्या मंडळीचा, म्हणजे आपल्या चर्चचा, खजिनदार होतो, हे तुला ठाऊक आहे. उपासना संपली की मागच्या खोलीतल्या टेबलावर अर्पणाच्या थैल्या उलट्या करायच्या, नाणी वेगळी, नोटा वेगळ्या, पाकिटे क्रमांकाने लावायची, दोघांनी मोजायचे आणि वहीत दोघांनी सह्या करायच्या, हा आपला जुना रिवाज आहे. त्या पाकिटांत २७ क्रमांकाचे एक पाकीट असे. त्यात वीस रुपयांची एकच नोट, चार घड्या घातलेली. मंडईत कोथिंबीर-मिरची विकणाऱ्या एका विधवा बाईंची. नोटेला कोथिंबिरीचा वास यायचा, आणि घडी इतकी पक्की असायची की ती नखाने उलगडावी लागे. एकदा २७ क्रमांक लागोपाठ दोन रविवार आला नाही, तेव्हा मी आणि मंडळीचे धर्मगुरू, पाळकसाहेब, त्यांच्या खोलीवर गेलो, तर त्या तापाने अंथरुणाला खिळलेल्या. बऱ्या झाल्यावर त्या आल्या त्या पाच पाकिटे घेऊन, चुकलेल्या प्रत्येक रविवारचे एक. अर्पणाची वही ही पैशांची वही नसते, बाळा, ती माणसांची हजेरी असते. कोण आजारी आहे, कोणाची नोकरी गेली, कोण रुसले आहे, हे त्या वहीला पाळकाच्याही आधी कळते.

आणि मग मी ती वही सोडली. छपराच्या दुरुस्तीचा खर्च झाला, बिले मिळेनात, मी मागत राहिलो, आणि एका सभेत मला भरल्या मंडळीसमोर गप्प बसवण्यात आले. मी राजीनामा दिला, आणि पुढची चार वर्षे माझा दशांश दूरच्या एका अनाथाश्रमाला मनिऑर्डरने पाठवत राहिलो. रविवारी उपासनेला जात होतो, पण मागच्या बाकावर बसायचो, थैली आली की पुढे सरकवायचो आणि आशीर्वचन होताच निघून जायचो. मी बिले मागितली यात माझी चूक नव्हती. आजही मला तसेच वाटते, आणि कोणी कितीही समजावले तरी मी ते बदलणार नाही. चूक याच्यापुढे झाली. त्या चार वर्षांत २७ क्रमांकाचे पाकीट येणे थांबले, आणि ते कोणाच्या ध्यानात आले नाही, कारण ध्यानात ठेवणारा माणूस मागच्या बाकावर बसून आपला अपमान कुरवाळत होता. त्या बाईंची आठवण मला झाली ती त्यांच्या प्रेतयात्रेची सूचना वेदीवरून वाचली गेली तेव्हा. सहा महिने त्या अंथरुणावर होत्या. माझ्या मनिऑर्डरी त्या सहाही महिन्यांत वेळेवर पोहोचल्या होत्या.

म्हणून म्हणतो, पैशामागे पाय गेले पाहिजेत.

तू म्हणशील, प्रेषित पौलाने तर यरुशलेमच्या दूरच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली. केलीच, पण कशी केली ते बायबलमध्ये, त्याने करिंथकरांना लिहिलेल्या पत्रांत, नीट वाच. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या मिळकतीच्या मानाने पैसे बाजूला ठेवायचे, आणि ते घेऊन कोणी जायचे ती माणसे मंडळीनेच निवडायची. एवढ्या मोठ्या रकमेवरून कोणी बोट दाखवू नये, म्हणून पौलाने आपल्याबरोबर मंडळ्यांनी नेमलेला एक भाऊ घेतला. मासेदोनियाच्या गरीब मंडळ्यांविषयी तर त्याने लिहिले की, त्यांनी आधी स्वतःला दिले. पैसा दूर गेला, पण तो पिशवीत पडला तो शेजारच्या माणसाच्या डोळ्यांदेखत.

आणि भांडणाचे म्हणशील, तर प्रेषितांच्या काळातल्या पहिल्या मंडळीतही वाटणीवरूनच कुरकुर झाली होती. ग्रीक भाषा बोलणाऱ्यांच्या विधवांकडे रोजच्या वाटणीत दुर्लक्ष होत होते. तक्रार करणारे उठून दुसरीकडे गेले नाहीत. मंडळीने सात जण निवडले, आणि त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत! ज्यांनी तक्रार केली त्यांच्याच हाती वाटणीचे काम दिले गेले, हे मला वयाच्या साठीत उमगले. ते मला तेव्हा कोणी दाखवले असते तर मी राजीनामा दिला नसता, वही मागितली असती.

तू ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचे नाव घेतलेस, की त्यांनीही मिशन, म्हणजे परदेशी धर्मप्रसारकांची संस्था, सोडले. त्यांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला, हे खरे आहे. पण सोडले ते काय? परक्यांच्या पैशाचा आधार सोडला. आपली माणसे त्यांनी सोडली नाहीत, आणि म्हणूनच त्यांची भजने आजही आपल्या मंडळ्यांत पेटीच्या सुरावर म्हटली जातात. आपल्या मराठी मंडळ्यांचे जुने दुखणे नेमके हेच आहे की, देवळे परदेशातल्या पैशावर बांधली गेली, पाळकांचा पगार मिशनकडून आला, आणि देणारा कोणी दुसरा असतो ही सवय आपल्या हाडीमांसी खिळली. १९७० साली अनेक पंथांची चर्चे एकत्र येऊन 'उत्तर भारताची मंडळी' स्थापन झाली, नावे आणि पाट्या बदलल्या, ती सवय पुष्कळ ठिकाणी तशीच राहिली. तिकडे मिझोराममध्ये बायका स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढतात आणि ते आपल्या मंडळीला देतात. शंभराहून अधिक वर्षे हे चालू आहे, आणि त्या तांदळावर त्यांनी दूरदूर सेवक पाठवले. ती मूठ आधी गावातल्या मंडळीत जाते, आणि तिथून जगात.

पावतीवर आयकरात सूट मिळत नाही असेही तू ओझरते म्हणालास. नाही मिळत, निव्वळ धार्मिक कामाच्या देणगीला ती नसते. हा मुद्दा तुझ्या तोंडी मला आवडला नाही, एवढेच लिहून सोडून देतो.

हिशेबाचा मुद्दा मात्र मी सोडणार नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० सालचा आहे, त्याखाली नोंदलेल्या चर्चला हिशेब तपासून घेऊन धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. तो हिशेब सभेत मागण्याचा तुला हक्क आहे. तो माग. शांतपणे, लेखी, आणि उत्तर मिळेपर्यंत माग. पण जो दर रविवारी येतो, ज्याचे पाकीट वहीत आहे, जो आजाऱ्याच्या घरी जाऊन बसला आहे, त्याचा प्रश्न कोणालाही सहजासहजी उडवून लावता येत नाही. लांब राहून विचारणाऱ्याला "तुम्हाला काय करायचे आहे?" एवढे एकच वाक्य ऐकवले की तो संपतो. राजीनाम्यानंतर मी मागच्या बाकावरून विचारत राहिलो, म्हणून माझे कोणी ऐकले नाही. जेथे तुझे धन आहे तेथे तुझे मनही लागेल, असे प्रभूने सांगितले. माझे धन मनिऑर्डरने गेले आणि मन कुठेच लागले नाही.

त्या सेवाकार्याला पैसे देणे बंद कर असे मी म्हणत नाही. दशांश इथे दे, त्याच्या वरचे तिकडे पाठव. तुझ्या पगारात दोन्ही बसते, हे तुलाही माहीत आहे. वाकडच्या घराजवळ एखादी मंडळी तुला खरोखर आपली वाटली, तर तिथे जा, मी आपल्या पाळकसाहेबांशी स्वतः बोलेन आणि सभासदत्वाच्या बदलीचे पत्र मिळवून देईन. पण मग तिथल्या थैल्या उचल, तिथल्या खुर्च्या लाव, तिथल्या म्हाताऱ्यांची नावे पाठ कर. अर्धे इथे, अर्धे तिथे आणि उरलेले मोबाइलवर, असे मात्र राहू नकोस. तसा राहिलेला एक माणूस मी जवळून ओळखतो.

घोरपडे पेठेतल्या आजी तीन रविवार आलेल्या नाहीत, त्यांचे पाकीटही नाही. बुधवारी संध्याकाळी साडेसहाला मी त्यांच्याकडे जाणार आहे. जिना अंधारा आहे आणि माझे गुडघे आता साथ देत नाहीत, तेव्हा ऑफिसातून थेट इकडेच ये. येताना त्यांच्यासाठी अर्धा डझन केळी घे, साखरेचे काही नको.

तुझा,
काका