सगळं सांगूनही हाताखालची माणसं पुढे सरकत नसतील तर काय करावं?

तुम्ही लिहिलंय की नुकतेच आठ जणांचे सुपरवायझर झालात, सगळं समजावून झालं, तरी लहानसहान गोष्टीला ते तुमच्याकडेच बघतात. मी गडचिरोली जिल्ह्यात गटप्रवर्तक आहे, वीसेक आशाताईंचं काम माझ्याकडे. तुमचं काम वेगळं असेल, पण हे दुखणं माझ्या ओळखीचं आहे. सुरुवातीची दोन वर्षं ते मीच लावून घेतलं होतं.

दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशा 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी जाते. बाळाचं वजन, ताप, श्वास बघते. मी सोबत असले आणि तिचा हात जरा अडखळला की थर्मामीटर मीच घ्यायची. मदत केली असं वाटायचं. पण पुढच्या वेळी घरातली आजी तिला सोडून मलाच विचारायची, "ताई, लेकरू बरं आहे ना?" ज्या घरात तिला कायम जायचं, तिथं तिचा शब्द मीच हलका केला होता.

मग ठरवलं, बाळाला धोका दिसला तरच मध्ये पडायचं, एरवी भिंतीला टेकून गप्प बसायचं. फार जड गेलं. परत येताना वाटेत एवढंच विचारायचं, "आज तुले कुठं अडल्यासारखं वाटलं?"

एक आशा होती, आठवी शिकलेली. मासिक सभेत तोंड उघडत नसे, रजिस्टर नेहमी अर्धवट. मनात मी तिला कच्ची ठरवून मोकळी झाले होते. रोवणीच्या दिवसांत तिच्यासोबत एका घरी गेले. श्वास मोजायचे, आणि बाळ रडत होतं. तिनं आईला पाजायला सांगितलं, लेकरू शांत होईपर्यंत बसून राहिली, मग अंगावरचं कापड वर करून घड्याळावर पूर्ण मिनिट मोजलं. रजिस्टर चकाचक ठेवणाऱ्या, पण अर्धं मिनिट मोजून दुप्पट करणाऱ्या आशा मी पाहिल्या होत्या. हिची अडचण फक्त लिहिण्याची होती. त्यासाठी शेजारच्या गावच्या आशेची जोड दिली, आणि नव्या दोघींना श्वास मोजायला हिच्याकडे पाठवलं. "मले का येते ताई?" म्हणत होती. शिकवताना मात्र तिचा आवाज चांगला खणखणीत लागला.

आमच्याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. तिथले बालमृत्यू किती घटले ते 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि 2011 पासून तीच पद्धत देशभरातल्या आशांच्या कामात आली. कमी शिकलेल्या बाईला हे जमेल का, असं कुणी म्हटलं की मला राग येतो तो यामुळेच.

आणखी एक. एक आशा वजनच घेत नव्हती. मी तिला दोनदा प्रशिक्षणाला पाठवलं. सोबत गेले तेव्हा कळलं, तिच्या वजनकाट्याची सुई शून्यावरच येत नव्हती, आणि मोडला म्हणून बोल लागेल या भीतीनं ती गप्प होती. म्हणून माणसाला शिकवायच्या आधी त्याचं अवजार बघा.

तुमच्या आठांपैकी आठवड्याला एकाजवळ अर्धी पाळी नुसते बसा. तो चुकला तर चारचौघांत नाही, चहाला बोलवून बोला. ज्याला जे उत्तम येतं ते त्यालाच दुसऱ्यांना शिकवू द्या. दोन-तीन महिने काहीच बदललं नाही असं वाटेल, पण धीर सोडू नका.

त्या आठवी शिकलेल्या आशेचा गेल्या पावसाळ्यात रात्री फोन आला. "ताई, बाळाचे श्वास मिनिटाला 64 भरले. दोनदा मोजले." काय करायचं ते तिनं मला विचारलं नाही. 102ची रुग्णवाहिका तिनं आधीच बोलावली होती.